वाढणारीचें पान

आमच्या घरांत एकंदर अकरा माणसें. मातोश्री, वडील बंधू व वहिनी, आम्ही उभयतां, दोन पुतणे, थोरल्या पुतण्याची पत्नी व त्यांचीं दोन मुलें, आणि आमची कन्या. एवढें कुटुंब नगरच्या जुन्या वाड्यांत एका छपराखालीं नांदतें याचें हल्लीं लोकांस नवल वाटतें, आणि असा नवल करणारा पाहुणा जेवावयास राहिला कीं तो हमखास म्हणतो, "तुमच्याकडे पंगतीचा आनंद कांहीं निराळाच!" हें खरें आहे. मात्र तो आनंद भोगणारांत आमच्या वहिनींची गणना करावी कीं काय, हा विचार गेल्या मार्गशीर्षापर्यंत माझ्या मनांत एकदांहि आला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे.

शनिवारची रात्र होती. पुरुषमंडळींचीं व मुलांचीं पानें उठलीं होतीं. आमची सूनबाई एका बँकेंत नोकरीस आहे; दिवसभर आंकड्यांशीं झगडून आली तरी तिच्या बोलण्यांतला उत्साह मावळत नाहीं. ती म्हणाली, "आई, उद्यां सकाळीं स्वयंपाक करायचा नाहीं. सगळ्यांनीं मिळून बाहेर जेवायला जायचें. आजींनींसुद्धां."

दादांनीं वर्तमानपत्रांतून डोकें वर काढलें. "घरांत अन्नपूर्णा असतांना हॉटेलांत कशाला जायचें?"

अन्नपूर्णा हा शब्द आपल्या घरांतून किती सहज उच्चारला जातो! ती अन्नपूर्णा त्या वेळीं काय करीत आहे हें पाहावें म्हणून मीं सहज मान वळविली. वहिनी स्वयंपाकघरांत पाटावर बसून पिठल्याच्या कढईची खरवड उलथन्यानें सोडवीत होत्या आणि उरलेल्या चतकोर भाकरीशीं ती खात होत्या. घड्याळांत पावणेदहा झाले होते. दादांच्या प्रश्नास त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. परंतु सूनबाईच्या बोलण्यास नकारहि दिला नाहीं. वहिनींचा नकार न येणें म्हणजे काय, हें आमच्या घरांत आतां सूनबाईइतकें कोणासच कळत नाहीं.

वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं हा वाद केव्हां ना केव्हां झालाच असेल. बाहेरच्या जेवणाविरुद्ध आपले आक्षेप ठरलेले असतात: पैसा उधळला जातो, प्रकृति बिघडते आणि मुलांना वाईट संवय लागते. दादांचा मुख्य कटाक्ष तेलावर. "एकाच तेलांत आठवडाभर तळतात," असें ते गेलीं तीस वर्षें सांगत आले आहेत. यांत तथ्य नाहीं असें नव्हे. तेल पुनःपुन्हां तापविल्यानें त्यांत ध्रुवीय संयुगें सांचत जातात. त्यांचें प्रमाण शेंकडा 25 च्या वर गेल्यास तें तेल स्वयंपाकांतून काढून टाकावें, असा नियम केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें 2018 सालापासून लागू केला आहे. गिऱ्हाइकापाशीं मोजण्याचें यंत्र नसतें. परंतु कढईतलें तेल काळपट व दाट झालेलें, त्यावर फेंस आलेला आणि मंद आंचेवरहि धूर निघत असलेला दिसला, तर तेथें वडा मागवूं नये, एवढें शहाणपण कोणासहि बाळगतां येईल. शिवाय बिलावर चौदा आंकडी परवाना-क्रमांक छापलेला असावा लागतो. तो आहे कीं नाहीं हें वाचण्यास कांहीं खर्च येत नाहीं.

पैशाविषयीं म्हणाल, तर एक अनुभव सांगतों. गेल्या वर्षीं एका भोजनालयांत आम्ही सातजण गेलों असतां न मागतां पाण्याच्या बाटल्या फोडून ठेवण्यांत आल्या आणि बिलांत शेंकडा दहा 'सेवा-शुल्क' म्हणून चढविलेलें निघालें. धाकट्या पुतण्यानें शांतपणें सांगितलें कीं, हें शुल्क आपोआप बिलांत धरूं नये असें ग्राहक-संरक्षण प्राधिकरणानें 2022 सालीं स्पष्ट केलें आहे. तें देणें न देणें गिऱ्हाइकाच्या खुषीवर आहे. बरीच कुरकुर होऊन शेवटीं तें वगळलें गेलें. पुतण्यानें मग तेवढीच रक्कम वाढणाऱ्या मुलाच्या हातावर ठेविली. त्या वेळीं मला तो हिशेब विचित्र वाटला होता. आतां वाटत नाहीं.

पण पैसा, तेल, संवय हे सर्व आक्षेप अलीकडचे. आपल्यासारख्या घरांत त्यांच्या तळाशीं एक जुना प्रश्न बसलेला आहे आणि तो आपण हल्लीं मोठ्यानें विचारीत नाहीं, एवढेंच. तो प्रश्न म्हणजे, कोणाच्या हातचें?

पुण्यांत 1890 सालीं पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक, नामदार गोखले अशीं माणसें तेथें होतीं. गोपाळराव जोशी यांनीं, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनीं, उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आणलीं आणि एका पेल्यावरून ग्रामण्याचें वादळ उठलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. कोणी प्रायश्चित्त घेतलें, कोणी घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं तें 1892 सालीं घेतलें आणि त्याचा मनस्ताप घरांतल्यांस किती झाला हें रमाबाईंच्या आठवणींत वाचावयास मिळतें. आज आपण हें वाचून हंसतों. परंतु त्या प्रकरणांत चहा कोणी केला, पेले कोणी भरले आणि मागाहून कोणी घांसले, त्यांचीं नांवें छापण्याचें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं, याकडे मात्र आपलें लक्ष जात नाहीं.

आमच्या नगर जिल्ह्याकडे पाहावें तर याच प्रश्नाचा एका बाईनें लाविलेला निकाल आपल्यापुढें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 सालीं ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढें नगर-राहुरीकडे पतीसन्निध राहूं लागल्या, तरी कांहीं काळ त्यांनीं आपली चूल आणि आपलें पाणी निराळें ठेविलें होतें. मग कोणाच्या धाकानें किंवा आग्रहानें नव्हे, तर स्वतःच विचार करकरून त्यांनीं तो भेद टाकला. 1934 पासून क्रमानें प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त ही हकीगत त्यांनीं ज्या मोकळेपणानें सांगितली आहे, तिला मराठींत तोड नाहीं. मातोश्रींनीं तें पुस्तक दोन वेळां वाचलें आहे. धर्मांतराचा भाग त्या भरभर वाचतात. पाण्याच्या घागरीचा भाग मात्र सावकाश.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें दिलें. 26 जानेवारी 1950 रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांवरून तेथें कोणास मज्जाव करतां येत नाहीं. एवढ्या थोर ग्रंथांत चहाच्या दुकानाला जागा द्यावी लागली, कारण निराळा पेला ठेवण्याची रीत त्या दुकानांतच तर होती. 1955 सालीं त्यास शिक्षेच्या कायद्याची जोड मिळाली. आमच्या पिढीनें पाटीवरचे 'ब्राह्मणांचें उपाहारगृह' हे शब्द पुसट होत गेलेले पाहिले आणि ते कोणीं पुसले याची चौकशी केली नाहीं.

मातोश्रींचा हॉटेलाशीं पहिला परिचय 1962 सालचा. वडिलांनीं त्यांना कापडबाजारांतून परततांना एका हॉटेलांत नेलें. तेथें 'फॅमिली रूम' होती. म्हणजे लांकडी फळ्यांचा आडोसा, पुढें मळकट पडदा आणि आंत चार खुर्च्या. स्त्रियांनीं बसावयाचें तें तेथेंच. मातोश्री सांगतात, "बटाटेवडा आला तेव्हां मीं आधीं त्यांच्या बशींत वाढायला हात पुढें केला. तर माझ्यापुढें निराळी बशी! मला कळेनाच कीं आतां मीं काय करायचें." घरीं आल्यावर सासूबाईंस सांगावयाचें नाहीं, असा दोघांचा करार झाला होता. तो त्यांनीं सासूबाई असेतों पाळला.

इराण्यांच्या हॉटेलांत हा संकोच त्या मानानें कमी असे. अरणगांवाजवळ मेहेरबाबांनीं 1923 सालीं मेहेराबाद वसविलें, तेव्हांपासून कित्येक इराणी व पारशी कुटुंबांचा नगरशीं संबंध जडला. इराण्याच्या टेबलाशीं वकील, टांगेवाला आणि कॉलेजांतला पोर एकाच बाकावर बसत, आणि मस्कापाव सर्वांना सारख्याच जाडीचा मिळे. आमच्या तीर्थरूपांना हें मनापासून आवडे. परंतु तेथें ते एकटेच जात.

चहाचा विषय निघाला आहे तर एक विषयांतर वाचकांनीं सहन करावें. ऑगस्ट 1942 मध्यें काँग्रेसचे पुढारी आमच्या भुईकोट किल्ल्यांत आणून ठेवले गेले. पंडित नेहरूंनीं तेथें 'भारताचा शोध' लिहिला हें शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असतें. परंतु मौलाना आझादांनीं तेथूनच आपल्या एका मित्रास उद्देशून उर्दूंत पत्रें लिहिलीं, आणि 'गुबारे खातिर' या नांवानें निघालेल्या त्या पत्रसंग्रहांत चहाविषयीं मजकूर आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मौलाना पहाटे उठून आपला चहा आपल्या हातानें करीत. तो चिनी चहा, मोगरीच्या वासाचा, बिनदुधाचा. चहांत दूध ओतून आपण त्याची खीर करतों, अशा अर्थाची त्यांची तक्रार होती. ज्या गांवांत बसून त्यांनीं ती केली, त्या गांवांत आज चौकाचौकांत दूध आटवून चहा उकळत असतो, आणि मला तो आवडतो. असो. आपल्या हातचा चहा आपण प्यावा आणि कोणास उठवूं नये, ही मौलानांची पहाटेची रीत मात्र त्या वेळीं नगरांतल्या किती पुरुषांस साधली असती, याबद्दल मला शंका आहे.

रविवार उजाडला. जावयाचें कोठें, यावर सकाळीं पुनः सभा भरली. आपल्याकडे हॉटेल म्हणजे राहण्याचें ठिकाण नसून खाण्याचें, हें येथें सांगण्याची गरज नाहीं. आणि तसलीं हॉटेलें आमच्या गांवांत आतां वाटेल तितकीं झालीं आहेत. मुलांना प्रोफेसर कॉलनीच्या चौकांत जावयाचें होतें. दादांचें मत चितळे रस्त्यावर उभ्यानें कांहीं खावें आणि परत यावें, म्हणजे पैसे वांचतील. मातोश्री म्हणाल्या, "मला शिर्डीला न्या." शिर्डीच्या प्रसादालयांत आम्ही मागें जेवलों आहोंत. तेथें सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून अन्न शिजविण्याची योजना 2009 सालीं सुरू झाली. त्याकरितां 73 परवलयाकार आरसे बसविलेले आहेत. मुलांना त्या आरशांचें कौतुक, आणि मातोश्रींना तेथल्या पंगतीचें. शेजारीं कोण बसला आहे याचा विचार न करतां माणसें ताटावर बसतात आणि मीठ सर्वांना एकच असतें, असें त्या म्हणतात. परंतु रविवारची गर्दी आणि त्यांचे गुडघे यांचा विचार करून तो बेत पुढें ढकलला. शेवटीं पुणें रस्त्यावरील एका ढाब्याचें ठरलें. हुरड्याचे दिवस होते. नगर-पारनेर भागांतली शेतें या दिवसांत पुण्याच्या लोकांनीं फुलून जातात आणि ज्वारीच्या कणसांपेक्षां मोटारींचीच दाटी अधिक होते. आपल्या जिल्ह्यांतला हुरडा आपण नाहीं खायचा तर कोणीं खायचा, या सूनबाईच्या युक्तिवादापुढें दादांचें कांहीं चाललें नाहीं.

दोन मोटारींतून आम्ही बारा वाजतां पोंचलों. पत्र्याचें छप्पर, खालीं शेणानें सारवलेली जमीन, लांब टेबलें आणि बाजूला बाभळीची सांवली. मातोश्रींना खुर्ची सोईची पडली. हुरडा, त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मग बाजरीची भाकरी, भरलें वांगें, पिठलें, ठेचा आणि आमच्याकडची शिपी आमटी. काळ्या मसाल्याची ही आमटी भाकरी कुस्करून खावयाची असते. चमच्यानें खाणारास ती आपली चव दाखवीत नाहीं. पुण्याच्या एका कुटुंबांत शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ ती वाटीनें पीत होते व घामाघूम झाले होते. दादांना त्यांची दया आली. त्यांनीं उठून त्यांस रीत समजावून सांगितली. ढाब्याला विरोध करणारा मनुष्य अर्ध्या तासांत त्याचा व्यवस्थापक झाला!

वहिनी टेबलाच्या कडेला बसल्या होत्या, म्हणून पहिली भाकरी त्यांच्याच ताटांत पडली. टम्म फुगलेली, मध्यें वाफेनें फाटलेली. त्यांनीं ती उचलली आणि दादांच्या ताटांत ठेविली. दुसरी आली, ती नातवाच्या ताटांत गेली. तिसरी त्यांनीं मातोश्रींकडे सरकविली. हें त्या कांहीं विचार करून करीत नव्हत्या. आपण चालतांना डावा पाय उजव्यामागून टाकतों तसें तें चाललें होतें. चवथी भाकरी आली तेव्हां सूनबाईनें त्यांच्या मनगटावर हात ठेविला. "आई, ही तुमची."

वहिनी या घरांत आल्या त्या 1983 सालीं. सकाळ-संध्याकाळ धरून इतक्या वर्षांत त्यांनीं किती भाकरी थापल्या असतील, याचा हिशेब मीं तेथें बसल्याबसल्या मनांतल्या मनांत सुरू केला आणि लाजून सोडून दिला. त्यांनीं भाकरी मोडली. वाफ निघाली. त्यावर तूप सोडलें, पिठल्याशीं एक घांस घेतला, आणि डोळे मिटून सावकाश चावला. मला वाटलें, आतां त्या कांहीं तरी हृदयस्पर्शी बोलतील. वाचकांसहि तसें वाटलें असेल.

वहिनी म्हणाल्या, "पीठ ताजें दळलेलें आहे. पण थापणारी बाई दमली आहे."

"तें कसें कळलें?" मीं विचारलें.

"कांठ बघा भावोजी. पहिल्या भाकरीचे पातळ होते. ही मधें पातळ नि कडेला जाड. हात दमला कीं आधीं कांठ सुटतो."

मीं भाकरीचा कांठ चिमटींत धरून पाहिला. आजवर हजारों भाकरी मीं खाल्ल्या. त्या कोणत्या हातानें थापल्या, आणि तो हात त्या दिवशीं दमला होता कीं काय, हें भाकरीवर लिहिलेलें असतें, याची मला वार्ता नव्हती. घरच्या भाकरीचे कांठहि केव्हां तरी जाड लागत असत. तेव्हां आम्ही भाऊ काय म्हणत असूं, तें येथें लिहिण्यासारखें नाहीं.

ताटांतलें संपवून वहिनी हात धुण्यास म्हणून उठल्या, त्या परत आल्याच नाहींत. पाऊण तास गेला. दादा अस्वस्थ झाले. मी शोधावयास मागच्या बाजूस गेलों. तेथें पत्र्याच्या आडोशाखालीं तीन चुली पेटलेल्या होत्या आणि दोन बायका भाकरीस बसल्या होत्या; एक थापीत होती, दुसरी भाजीत होती. थापणारी चाळिशीची, जवळच्याच खेड्यांतली. ती या क्षणीं भिंतीला टेंकून तांब्यानें पाणी पीत होती, आणि तिच्या परातीपुढें आमच्या वहिनी बसल्या होत्या! ढाब्याचा मालक हात जोडून म्हणत होता, "काकू, हें काय करतां? तुम्ही गिऱ्हाईक! लोक काय म्हणतील?" वहिनी भाकरी फिरवितां फिरवितां म्हणाल्या, "लोकांना कळत नाहीं. तुम्ही जा बघूं गल्ल्यावर."

मला त्या वेळीं राग आला, हें खरें. ज्यांना विश्रांति मिळावी म्हणून एवढा खटाटोप केला, त्यांनींच परातीपुढें जाऊन बसावें! आमच्या सौभाग्यवती माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्या हलकेंच म्हणाल्या, "त्यांना हुकूम नाहीं कोणाचा आज. बसूं द्या."

त्या दोघींचें जें बोलणें झालें तें वहिनींनीं परततांना मोटारींत सांगितलें. ती बाई सकाळीं दहाला परातीवर बसते. रविवारीं भाकरी किती होतात तें ती मोजीत नाहीं. पीठ किती संपलें तें मोजते. वहिनींनीं विचारलें, "तुम्ही केव्हां जेवतां?" ती म्हणाली, "चार वाजतां. गिऱ्हाईक सरल्यावर." "काय खातां?" "बाजरी सरलेली असते. भात टाकतों." मुलगी बारावीला आहे. हातीं रोख पैसा येतो तो आपला, कोणाला विचारावा लागत नाहीं, हेंहि ती म्हणाली. वहिनींनीं हें वाक्य दोन वेळां सांगितलें.

येथें मला मुंबईच्या खाणावळवाल्या बायकांची आठवण झाली. गिरणगांवांत शेंकडों बायका आपल्या एका खोलींत कामगारांना जेवूं घालीत. त्यांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचें कर्ज मिळावें म्हणून प्रेमाताई पुरव यांनीं 1975 सालीं एक संस्था काढली आणि तिचें नांव 'अन्नपूर्णा महिला मंडळ' असें ठेविलें. दादांच्या तोंडीं असलेला शब्द तोच. परंतु त्या अन्नपूर्णांपाशीं हिशेबाची वही होती.

वहिनींनीं एकंदर सहा भाकरी थापल्या. पांच टेबलांवर गेल्या. सहावी त्यांनीं स्वतः भाजून तव्यावरून थेट त्या बाईच्या ताटलींत टाकली आणि ती पहिला घांस घेईपर्यंत त्या जागेवरून हालल्या नाहींत. बिल देतांना दादांनीं नेहमींप्रमाणें प्रत्येक ओळ तपासली. मग, कोणीहि न सांगतां, ते मागच्या बाजूस जाऊन आले. किती देऊन आले तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीहि विचारलें नाहीं. वाढणाऱ्या पोराला आपण कांहीं तरी देतों, कारण तो समोर असतो. चुलीपुढें बसलेली व्यक्ति समोर नसते म्हणून ती राहून जाते. घरांत तर ती समोर असूनहि राहून जाते.

पुढच्या रविवारीं सकाळीं आमच्या घरांत एक चमत्कार घडला. सूनबाईनें पहिल्या पंगतीला पांच पाट मांडले आणि त्यांवर मातोश्री, वहिनी, आमच्या सौभाग्यवती, आमची कन्या आणि ती स्वतः अशा बसल्या. वाढावयास दादा, मी आणि दोघे पुतणे. धाकट्या पुतण्यानें भाकरीचा प्रयोग केला. तिचे कांठ तर जाड होतेच, पण मध्य भागहि जाड होता. दादांनीं उत्साहाच्या भरांत भातावर आधीं तूप आणि मग वरण वाढलें. वहिनी पाटावरून ओरडल्या, "अहो, वरण आधीं! तुपाची धार मग!" मातोश्रींना इतकें हंसूं लोटलें कीं त्यांना ठसका लागला. आम्हां चौघांचें जेवण त्या दिवशीं दोन वाजतां झालें. भात निवला होता आणि आमटी तळाशीं गेली होती. दादा एक अक्षरहि बोलले नाहींत. त्यांनीं कढईची खरवड काढून मला अर्धी दिली.

हा क्रम दर रविवारीं टिकला आहे असें सांगितलें तर तें खोटें होईल. पाहुणे, सण, परीक्षा, कांहीं ना कांहीं आडवें येतें. महिन्यांतून दोन वेळां जमलें तर आम्ही फार मानतों. बाहेर जेवावयास जाण्याचें मात्र महिन्यांतून एकदां असें ठरून गेलें आहे आणि त्यास दादांचा विरोध उरलेला नाहीं. तेलाबद्दलचें त्यांचें मत कायम आहे.

परवां सूनबाईनें वहिनींना विचारलें, "आई, या महिन्यांत कोठें जायचें? सावेडीला एक नवीन निघालें आहे. वातानुकूलित आहे म्हणे."

वहिनी तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या ढाब्यावरच जाऊं. पण बाराला नको. चार वाजतां जाऊं, आणि जातांना आपल्याकडचें बाजरीचें पीठ घेऊं."